कारंजं खरं, जेवण खोटं

दुबईच्या चार रात्री-पाच दिवसांच्या कुठल्याही सहलीचं पत्रक उघडा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवसाच्या शेवटी एक ठरलेली ओळ सापडते : संध्याकाळी सिटी टूर, फाउंटन शो, त्यानंतर धाऊ क्रूझवर डिनर. मध्ये दोन स्वल्पविराम, बाकी काही नाही. या ओळीबद्दल मराठी घरांत दोन मतं ऐकू येतात. एक जाऊन आलेल्यांचं : एका संध्याकाळी सगळं उरकलं, पैसे वसूल. दुसरं नाक मुरडणाऱ्यांचं : तिथे बघायचं काय, सगळं नकली, वाळवंटात यंत्राने उडवलेलं पाणी बघायला विमानात बसायचं कशाला? पहिलं मत भाबडं असलं तरी निरुपद्रवी आहे. दुसऱ्याला जास्त प्रतिष्ठा आहे, ते मांडणारा माणूस शहाणा दिसतो, म्हणून त्याचाच समाचार घेतला पाहिजे. कारण हा शहाणा माणूस बोट ठेवतो ते नेमकं चुकीच्या वस्तूवर. कारंज्याला तो नकली म्हणतो आणि क्रूझची गोष्ट निघाली की जरा मऊ होतो. निदान ती लाकडी होडी, ती जुनी खाडी, ते अरबी नाच, त्यात तिथलं काहीतरी आहे, असं त्याला वाटतं. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. त्या संध्याकाळचं खरं जे काही आहे ते कारंजं, आणि खोटं आहे ते जेवण.

खरं-खोटं हे वस्तूच्या वयावर ठरत नाही, आणि ती हाताने घडवली की यंत्राने यावरही नाही. प्लास्टिकची बादली पूर्ण खरी असते. शिसवी लाकडाचे रेषे छापलेली प्लास्टिकची खुर्ची खोटी असते. जी वस्तू स्वतःबद्दल थाप मारत नाही ती खरी, एवढी साधी कसोटी लावली तर दुबईचं कारंजं तिला उतरतं. ते ८ मे २००९ रोजी सुरू झालं, शेजारच्या बुर्ज खलिफाच्या उद्घाटनाआधी आठ महिने. ज्या तळ्यात ते आहे ते सुमारे १२ हेक्टरांचं तळं खोदलेलं आहे आणि त्याला बुर्जचंच नाव आहे. बांधणारी कंपनी एमार, आरेखन कॅलिफोर्नियातल्या वेट या कंपनीचं, जिने लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलपुढची कारंजी १९९८ साली केली होती. खर्च ८० कोटी दिरहॅम. यातली कुठलीही गोष्ट लपवलेली नाही. तिथे कुणी तुम्हाला हे बेदुइनांचं प्राचीन जलतंत्र आहे असं सांगत नाही. पाण्याला नाचवणारी गाणीसुद्धा वंशावळ दाखवत बसत नाहीत : अरबी आहेत, इटालियन आहेत, हिंदी सिनेमातली आहेत, २०१८ पासून त्यात कोरियन पॉपही आलं. चार दिशांनी माल घ्यायचा, चार दिशांना विकायचा आणि मधला नफा ठेवायचा, या धंद्यावर जे बंदर वाढलं त्याने कारंजंही तसंच मागवलं. हे नकलीपण म्हणायचं असेल तर दुबईचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहासच नकली म्हणावा लागेल, आणि मग मुंबईचाही फार शिल्लक राहत नाही.

यंत्राची गंमत यंत्र म्हणून घ्यायला आपण लाजतो, हा खरा अडथळा आहे. कारंजं २७५ मीटर लांब आहे. पाच वर्तुळं आणि दोन कमानी अशी नळ्यांची मांडणी. त्यातल्या काही नळ्या वल्ह्यासारख्या चहूकडे झुलतात, त्यांना कारागीर मंडळी ‘ओअर्समन’, म्हणजे वल्हेकरी म्हणतात. पाण्याचा लवचीक, कंबर लचकवल्यासारखा भाग यांचा. उंच झेपावणारे झोत निराळे. तिथे पाण्याच्या खांबाखाली दाबलेली हवा कोंडतात आणि एका क्षणी सोडतात. म्हणून सर्वांत उंच झोत, दीडशे मीटरचा, वर जातो तेव्हा गाण्याच्या ठेक्यात न बसणारा एक धप्प आवाज येतो. कठड्याशी उभं राहिलं तर हा आवाज कानाआधी छातीला कळतो. वर गेलेलं पाणी टोकाला क्षणभर थांबतं, फुटतं, आणि वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तर त्याचा बारीक तुषार पुढच्या रांगेतल्या लोकांच्या चष्म्यावर बसतो. गाणं तीन-चार मिनिटांत संपतं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला ठरवता येत नाही, कारण समोर वाकून दाद घेणारा कुणी नसतो. ही अडचणीची शांतता मला त्या सबंध कार्यक्रमातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. यंत्र आहे, माणूस असल्याचं सोंग नाही.

आता पाण्याचा आक्षेप. तो मराठी माणसाने घेतला तर त्याला हसण्यावारी नेता येत नाही. या कारंज्यात कुठल्याही क्षणी ८३ हजार लिटर पाणी हवेत असतं असं सांगतात. आपल्या हिशेबात दहा हजार लिटरचे आठ टँकर. मे महिन्यात टँकरमागे घागरी घेऊन धावणारी गावं ज्या राज्यात आहेत तिथून गेलेल्या माणसाच्या पोटात हा आकडा ऐकून कालवलं पाहिजे, नाही कालवलं तर त्याचंच काहीतरी चुकलं. पण हे आठ टँकर कुठे जात नाहीत. वर गेलेलं पाणी त्याच तळ्यात पडतं आणि त्याच पंपांतून पुन्हा वर जातं. उन्हाने आणि वाऱ्याने जे उडून जातं ते नुकसान खरं, आणि पंपांची वीजही खरी. मात्र दुबईच्या पाण्याचा प्रश्न मुळात तळ्याचा नाहीच. त्या शहरात नळाला येणारं पाणी समुद्राचं खारेपण काढून तयार होतं, जबेल अलीच्या प्रचंड प्रकल्पांतून, आणि आजवर ते बहुतांशी नैसर्गिक वायू जाळून झालेलं आहे. म्हणजे हिशेब मांडायचा तर तो हॉटेलच्या शॉवरपासून मांडावा लागतो, चोवीस तास चालणाऱ्या एसीपासून, आणि तिथवर घेऊन गेलेल्या विमानापासून. अर्धा तास शॉवरखाली उभं राहून खाली उतरायचं आणि कारंजं बघताना पाण्याच्या नासाडीबद्दल चुकचुकायचं, हा पर्यावरणाचा विचार झाला नाही. ज्याला तो आक्षेप मनापासून घ्यायचा असेल त्याने सहलच रद्द करावी. त्या भूमिकेपुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही.

दुसरा आक्षेप असा की कारंजं म्हणजे शेजारच्या दुबई मॉलची जाहिरात. कबूल. गर्दी मॉलकडे खेचणं हाच त्याचा उद्योग आहे. पण गणपतीतल्या रोषणाईच्या कमानीवरही बँकेचा नाहीतर बिल्डरचा फलक असतोच, म्हणून कुणी डोळे मिटून चालत नाही. जाहिरात फुकट बघता येते आणि बघून निघून जाता येतं, हे तिच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. इथेही पैसे घेणाऱ्या पायऱ्या आहेत : पाण्यावरच्या लाकडी बोर्डवॉकचं तिकीट आहे, तळ्यातल्या होड्यांचं आहे, काठावरच्या रेस्टॉरंटांच्या गच्चीतल्या टेबलाला तर बरंच मोजावं लागतं. तरी काठावरचा कठडा फुकट आहे आणि दृश्य तेच आहे. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने खेळ. ज्या देशात ३५ लाखांहून जास्त भारतीय राहतात आणि मोजकेच लोक मूळचे तिथले आहेत, त्या देशात या कठड्याशी उभं राहायला कुणाचं कुळ विचारत नाहीत. रोजंदारीवरचा माणूस आणि गच्चीतलं टेबल घेतलेला माणूस यांच्या वाट्याला एकच झोत येतो. दुबईत असं फार ठिकाणी घडत नाही, म्हणून ते नोंदवण्याजोगं.

मग गाडी खाडीकडे वळते आणि गडबड सुरू होते. होडीला ‘धाऊ’ म्हणतात हेच पहिलं परकेपण. आखाती माणसांनी आपल्या होड्यांना बांधणीवरून नावं दिली : बूम, सांबुक, जालबूत. कोकणात जसं कुणी नुसतं ‘जहाज’ म्हणत नसे, मचवा, पडाव, बतेला, गलबत असं नेमकं बोलत, तसंच. सगळ्यांना मिळून धाऊ हे नाव युरोपीयांनी रूढ केलं. या होड्यांचं सागवान मलबारातून जाई. त्यांतून पाणबुडे मोती काढायला जात आणि ते मोती विकायला मुंबईत येत. जपानचे कल्चर मोती आणि १९२९ नंतरची मंदी यांनी तो धंदा बुडेपर्यंत आखाताच्या मोत्यांचा भाव मुंबईच्या बाजारात ठरत असे. दुबईत पहिलं टपाल कार्यालय १९०९ साली उघडलं ते भारतीय टपाल खात्याचं. १९५९ पर्यंत तिथे आपला साधा रुपया चालत होता, त्यानंतर सात वर्षं रिझर्व्ह बँकेनेच खास काढलेला वेगळ्या रंगाचा ‘गल्फ रुपया’. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा दुबईने तो सोडला. त्याच सुमारास खाडीतला गाळ काढून झाला होता, मोठ्या होड्या आत येऊ लागल्या होत्या, आणि तिथे कायदेशीरपणे विकत घेतलेलं सोनं रात्री आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत होतं. तिकडे त्याला निर्यात म्हणत, इकडे तस्करी. एवढा सगळा व्यवहार ज्या पाण्यावर आणि ज्या जातीच्या होडीवर झाला तिथे मराठी पाहुण्याला दोन तास बसवतात, आणि त्याच्या आजोबांचा रुपया या काठावर चालत होता हे त्याला कुणी सांगत नाही. त्याला सांगतात : स्टार्टर्स वरच्या डेकवर आहेत.

त्यातही अनेक क्रूझ आता खाडीत नसतातच. त्या मरीनात असतात. मरीना म्हणजे अलीकडे खोदलेला कालवा आणि दोन्ही बाजूंना मनोरे. मरीनातून फिरायला माझी हरकत नाही, मनोरे रात्री सुंदर दिसतात. पण खोदलेल्या कालव्यात लाकडी कोरीवकाम केलेली होडी फिरवायची आणि पत्रकात ‘पारंपरिक’ असा शब्द टाकायचा, ही ती लाकडाचे रेषे छापलेली खुर्ची झाली. कारंजं खोदलेल्या तळ्यात आहे आणि तसं सांगतं. होडी खोदलेल्या कालव्यात आहे आणि आजोबांच्या गोष्टी सांगते.

खोटेपणाचा कळस मात्र नाचात. जेवण अर्ध्यावर आलं की खालच्या काचबंद डेकवर संगीत बदलतं आणि घोळदार रंगीत घागरा घातलेला पुरुष गिरक्या घेऊ लागतो. घागऱ्याला दिवे लावलेले असतात, दुसरा घागरा डोक्यावर छत्रीसारखा फिरतो. हा तनूरा. तो इजिप्तचा आहे, त्याची मुळं सूफींच्या गिरक्यांत आहेत. काही ठिकाणी त्यापाठोपाठ बेली डान्स असतो, तोही इजिप्तकडचा. कलाकारांना नावं ठेवायची नाहीत. हलत्या होडीत, टेबलांच्या मधल्या चार हात जागेत, दहा-दहा मिनिटं तोल न जाता फिरणं ही मेहनतीची विद्या आहे. मुद्दा निवेदकाचा आहे, जो याला ‘अरबी संस्कृतीची झलक’ म्हणून मोकळा होतो. तिथली स्वतःची कला नाही असं थोडंच आहे? अय्याला आहे : दोन रांगांत समोरासमोर उभे राहिलेले पुरुष, हातांत बांबूच्या बारीक काठ्या, मध्ये ढोल, आणि लाटेसारखं एकत्र हलणं. युनेस्कोने २०१४ साली संयुक्त अरब अमिराती आणि ओमान यांचा सामाईक वारसा म्हणून तिची नोंद केली. मोत्यांच्या होड्यांवर नह्हाम नावाचा गायक असे, वल्ही मारताना आणि दोर ओढताना त्याच्या ओळीवर सगळे ओढत. ज्या होडीवर पाहुणा बसला आहे त्या होडीचं म्हणून जर कुठलं संगीत असेल तर ते हे. आता कल्पना करा की गेटवेजवळ एका बोटीवर परदेशी पाहुण्यांना जेवण चाललं आहे, समोर गरबा चालू आहे, आणि माइकवरून सांगतायत की ही मुंबईच्या कोळ्यांची पारंपरिक कला. गरबा उत्तम आहे. तरी आपल्यापैकी निम्मे लोक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला पत्र लिहितील.

यावर एक उत्तर देता येतं आणि ते वजनदार आहे. दुबई स्थलांतरितांचं शहर आहे असं तुम्हीच वर म्हणालात. कारंज्यावर हिंदी गाणं चालतं तर होडीत इजिप्शियन नाच का नको? मूळच्या लोकांचीच कला दाखवा हा आग्रह शेवटी भूमिपुत्रांचाच आग्रह नाही का? नाही. कारंज्यावरचं हिंदी गाणं हिंदी म्हणूनच वाजतं. तनूराही इजिप्तचं नाव घेऊन आला, कैरोहून आलेल्या माणसाच्या पोटापाण्याची गोष्ट म्हणून आला, तर तो त्या शहराचा तितकाच हक्काचा नागरिक आहे, जितका बर दुबईतला गुजराती कापडवाला. होडीत होतं ते वेगळंच. तिथे त्याचं गाव पुसून त्याला ‘अरबी’ या एका मोठ्या गोणीत घालतात, आणि त्याच गोणीत यजमानालाही कोंबतात. दोघांचंही नाव जातं. बफेत पनीर असतं, त्याला कुणी अमिराती पदार्थ म्हणत नाही. पनीरच्या वाट्याला आलेला प्रामाणिकपणा नाचणाऱ्या माणसाच्या वाट्याला यायला हरकत नसावी.

पनीर निघालंच आहे तर जेवणाचा मुख्य बचाव ऐकून घेऊ. आपल्या लोकांना शाकाहारी लागतं, काहींना जैन लागतं, रात्री डाळ-भात पोटात गेला नाही तर म्हाताऱ्या माणसांना झोप येत नाही. सहल कंपन्या गिऱ्हाइकाला हवं तेच देतात. परदेशात वरण-भात मिळण्याचा आग्रह मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. मराठी सहल व्यवसाय त्या आग्रहावरच उभा राहिला आणि त्यामुळे घराबाहेर कधी न पडलेली हजारो माणसं जग बघून आली, हे मोठं काम आहे. प्रश्न एवढाच की डाळ-भाताला होडी कशाला? बर दुबई आणि करामा या दोन भागांत शाकाहारी खाणावळी पावलापावलाला आहेत. तिथली डाळ गरम असते. होडीतली शेगडीच्या मेणबत्तीवर कोमट राहिलेली. आणि यजमानाचं अन्न चाखायचं तर शाकाहाऱ्याचीही अगदी उपासमार होत नाही : लुकैमात म्हणजे खजुराच्या काकवीत घोळवलेले तळलेले गोळे, दंगो म्हणजे मिरची घालून उकडलेले हरभरे. मांस खाणाऱ्याला हरीस आहे, गहू आणि मटण घोटून केलेलं, हैदराबादी हलीमचं चुलतभावंड. अंडं चालणाऱ्याला बलालीत आहे, गोड शेवयांवर ऑम्लेट, जे ऐकायला विचित्र आणि खायला तितकं विचित्र नाही. चहाला तिथे ‘करक’ म्हणतात. हा आपलाच ‘कडक’, ड चा र झालेला. क्रूझच्या बफेत यातलं बहुधा काहीच नसतं. असतं ते पनीर, नूडल्स, जिरा राइस, हमस आणि कबाब, म्हणजे कुठल्याही देशातल्या कुठल्याही लग्नाचं जेवण. ना गिऱ्हाइकाच्या घरचं, ना यजमानाच्या.

उरतो सोयीचा मुद्दा. तो खोडून काढायचा नाही, नीट मोजायचा आहे. क्रूझ साधारण साडेआठच्या सुमाराला सुटते, त्याआधी येऊन बसावं लागतं. दुबई मॉल ते खाडी हे अंतर दहा-पंधरा किलोमीटर, पण ते शेख झायेद रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीतलं. चाळीस माणसं मॉलच्या बाहेर गोळा करायची, त्यातली चार हमखास कुठल्या तरी दुकानात हरवलेली. म्हणजे सातच्या आधी सगळ्यांना कठड्यावरून हलवणं भाग. मॉलच्या पोटातून तळ्यापर्यंत चालत पोहोचायलाच पाऊण तास गेलेला असतो. हिशेब केला की वाट्याला एक खेळ येतो, नशीब असेल तर दोन, आणि तेही फोन वर धरलेल्या हातांच्या जंगलातून. ज्या गोष्टीसाठी संध्याकाळ राखून ठेवली तिला चार मिनिटं, आणि ज्या गोष्टीत फारसं काही नाही तिला दोन तास. याला सोय म्हणतात तेव्हा ती कुणाची, हे विचारायला हवं. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनला गेलेल्या जुन्या पिढीला हे ओळखीचं वाटेल : बस उशिरा पोहोचायची, कारंज्यांना रंग चढेपर्यंत परतीची शिट्टी. तेव्हा निदान कुणी होडीत नाच दाखवत नव्हतं.

वृद्धांसाठी गाडी हवीच, हे मान्य करतो. मेट्रोने जा असं सांगणारे तरुण लोक एक गोष्ट विसरतात की स्टेशन ते मॉल हा पूल ८२० मीटर आहे, सरकते पट्टे असले तरी गुडघे दुखणाऱ्याला ते प्रकरण जड जातं. पण गाडी हवी म्हणजे क्रूझ हवी असं होत नाही. गाडी ही वाहतूक आहे, क्रूझ हा मजकूर आहे. पत्रकातल्या त्या स्वल्पविरामाने या दोन गोष्टी बेमालूम चिकटवल्या आहेत. त्या सोडवून पाहाव्यात. एक संध्याकाळ फक्त कारंज्याची : सूर्य मावळायच्या आत कठडा गाठायचा, पाच-सहा खेळ बघायचे, मधल्या अर्ध्या तासांत बसायचं, आणि जेवायला करामात. दुसरी संध्याकाळ खाडीची. अल फहिदी वस्तीत, वाऱ्याच्या मनोऱ्यांच्या त्या जुन्या घरांमध्ये, १९९८ साली सुरू झालेलं शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग आहे. तिथे अमिराती यजमानासोबत जमिनीवर बसून जेवता येतं आणि वाटेल ते विचारता येतं, बुरख्याबद्दल, लग्नाबद्दल, परदेशी लोकांच्या गर्दीबद्दल. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, आधी जागा धरावी लागते. पण ते जेवण ज्याचं आहे त्याचं नाव सांगतं.

आणि होडीच हवी असेल तर आब्रा आहे. एक दिरहॅम, आजच्या भावाने चोवीस रुपयांच्या आसपास. वीसेक माणसं मध्यावरच्या लाकडी बाकावर पाठीला पाठ लावून बसतात, तोंडं पाण्याकडे. मध्ये एका खळग्यात उभा राहून नावाडी इंजिन सांभाळतो आणि होडी निघाल्यावर हात पुढे करतो. नाणं तयार ठेवावं. चाळीसजणांच्या गटाला दोन आब्रा पुरतात, तासाच्या भाड्यानेही मिळतात. बर दुबईच्या बाजूला कापडबाजार, देइराच्या बाजूला मसाले आणि सोनं. पुढे धक्क्यावर इराणला नाहीतर सोमालियाला जाणाऱ्या मालाच्या खऱ्या होड्या लागलेल्या, त्यांच्या शेजारी टायर, गाद्या, फ्रिज यांचे ढीग. क्रूझसुद्धा यांच्या जवळूनच जाते, पण तेव्हा आत दिवे लागलेले असतात आणि काचेत स्वतःचंच ताट दिसतं. तिच्या लाटेने आब्रा जरा हलतो. आब्रातली माणसं कामावरून घरी निघालेली असतात, ती फोनमधून मान वर करत नाहीत.